पहिल्यांदाच निधी गोळा करताना
गणेशोत्सवात सोसायटीतर्फे स्तनकर्करोगावरील संशोधनासाठी निधी जमवण्याचा तुमचा विचार स्तुत्य आहे. मात्र पावतीपुस्तक छापण्याआधी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाशी लेखी संपर्क साधून, रक्कम रुग्णसाहाय्याकडे न जाता संशोधनाकडेच जाईल, याची खात्री करून घ्यावी. नवखी मंडळी बहुधा इथेच चुकतात. दुसरी चूक रोखीची: २००० रुपयांहून अधिक रोख देणगीला देणगीवरची प्राप्तिकर सवलत मिळत नाही, म्हणून धनादेश थेट संस्थेच्या नावे घ्यावा आणि देणगीदाराचा पॅन त्याच वेळी टिपून ठेवावा, नाहीतर पुन्हा जिने चढावे लागतात. ‘संशोधन म्हणजे काय?’ असे कोणी विचारल्यास मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांच्या सहभागाने झालेला अभ्यास सांगावा, ज्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हाताने केलेल्या तपासणीमुळे आजार लवकरच्या टप्प्यात आढळला.