'होतो' म्हणजे 'हॅड' नव्हे

परभणीच्या एका वाचकांनी विचारलंय: "'काल मी नांदेडला गेलो होतो' याचं मी 'आय हॅड गॉन टू नांदेड येस्टरडे' केलं. मुलीच्या मॅडमनी ते खोडून 'आय वेन्ट' लिहिलं. 'होतो' आहे, मग 'हॅड' का नाही?"

मॅडमचं बरोबर आहे. दोष तुमच्या मराठीचा नाही, शाळेतल्या त्या तक्त्याचा आहे. पास्ट परफेक्ट म्हणजे पूर्ण भूतकाळ, म्हणजे 'गेलो होतो', असं आपण घोकलेलं. नाव जुळलं, पण काम जुळत नाही. आपण 'गेलो होतो' म्हणतो तेव्हा गेलो, परत आलो, विषय संपला, एवढंच सांगायचं असतं. इंग्रजीतल्या 'हॅड'ला मात्र सोबत लागते. भूतकाळातल्या एखाद्या गोष्टीच्याही आधी काय घडलं होतं, ते सांगायला तो येतो. 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, देवगिरी हॅड लेफ्ट.' मी पोचलो तोवर गाडी सुटली होती. इथं दोन्ही भाषा नेमक्या जुळतात, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो.

'हॅव'चंही तेच. 'आय हॅव सेंट द फॉर्म' चालतं. त्याला 'येस्टरडे' जोडलं की 'आय सेंट'च हवं. ('आय डिड नॉट वेन्ट'बद्दल काय बोलायचं! भूतकाळ 'डिड'नं घेतला, पुढं साधं 'गो'.)

आपल्या मराठवाड्यात आणखी एक भर पडते. 'पोरगा दोन वर्षांपासून पुण्यात राहायलाय' याचं सरळ 'ही इज स्टेइंग इन पुणे सिन्स टू इयर्स' होतं. ही चूक देशभर ऐकू येते, पण 'करायलोय, राहायलाय' तोंडात बसलेल्या माणसाला 'इज स्टेइंग' जास्तच जवळचं वाटणार. हवं ते असं: 'ही हॅज बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टू इयर्स'. 'सिन्स' सुरुवात सांगतो, जसं 'सिन्स 2023'. 'फॉर' किती काळ ते सांगतो. आपलं 'पासून' दोन्हीकडं चालतं, म्हणून गफलत.

गंमत म्हणजे, घरातून पाय न काढताच आपण फोनवर 'आलो, आलो' म्हणतो. रूप चक्क भूतकाळाचं. पण त्याचं 'आय केम, आय केम' करणारा मला अजून भेटलेला नाही. ते वाक्य तक्त्यात नव्हतं ना!