पुतळा कुणाच्या हातचा? सुपरहिरो संग्राहकांची प्रश्नोत्तरे

या वेळचे बहुतेक प्रश्न कॉमिक्समधल्या चित्रांवरून घडवलेल्या पुतळ्यांबद्दल आहेत. चित्रपटातल्या नटाशी चेहरा जुळतो की नाही, हा वाद त्यामुळे आपोआप टळला. बरंच झालं.

प्रश्न: मला स्पायडरमॅनचा एकच पण चांगला पुतळा घ्यायचा आहे. प्रत्येक कंपनीचा स्पायडरमॅन वेगळा दिसतो. यातला खरा कोणता मानायचा?

खरा असा एक कुणीच नाही. तो पहिल्यांदा अवतरला त्या ऑगस्ट १९६२ च्या कॉमिक-अंकात स्टीव्ह डिटको यांनी जो स्पायडरमॅन काढला तो किडकिडीत होता, काखेत जाळ्याचे पडदे असलेला आणि थोडा भीतीच वाटावी असा. १९६६ मध्ये जॉन रोमिटा सीनियर आले आणि त्याच पोराचे खांदे भरले, तो देखणा झाला. १९८८ पासून टॉड मॅकफार्लेन यांनी त्याचे डोळे बशीएवढे केले, हातपाय निखळल्यासारखी बसण्याची ढब दिली आणि जाळ्याचे सरळ धागे पिळून टाकले.

तेव्हा आधी स्वतःला विचारा, तुमच्या डोक्यात बसलेली चित्रं कुणाची? मग त्या चित्रकाराच्या नावाने शोधा. संग्रह पात्रापेक्षा चित्रकार धरून करावा, हे माझं जुनंच मत आहे. सगळ्यात फसलेले पुतळे धेडगुजरी असतात: डोळे मॅकफार्लेनचे, अंग रोमिटांचं आणि पोशाखाचं कापड चित्रपटातलं.

पसंत पडलेला पुतळा आणि मूळ चित्र शेजारी ठेवून पाहा. त्याच कोनातून बाह्यरेषा जुळते का? जुळली की पुतळा पाऊण फिरवा. चित्रकाराने एकच बाजू काढलेली असते, बाकीच्या बाजू शिल्पकाराला स्वतःच्या अकलेने घडवाव्या लागतात. उकिडव्या बसलेल्या स्पायडरमॅनची पाठ मागून बघा. कणा खरोखर वाकलाय की सरळ फळीला गुडघे चिकटवलेत, ते लगेच कळतं. मुखवट्यावरच्या जाळ्याच्या रेषा दोन डोळ्यांच्या मधून निघून बाहेर पसरायला हव्यात. त्या कोरलेल्या आहेत की नुसत्या रंगवलेल्या, आणि कानामागे गेल्यावर एकमेकींना भेटतात की मध्येच हवेत संपतात, हेही पाहा. कामचुकारपणा कानामागे सापडतो.

प्रश्न: माइक मिन्योला यांची चित्रं मला फार आवडतात, पण त्यांच्या शैलीतला पुतळा जवळून पाहिला की काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. दोष माझ्या नजरेचा का?

नाही, नजर अगदी बरोबर आहे. मिन्योलांचं अर्धं चित्र काळ्या शाईत बुडालेलं असतं. तिथे काय आहे, हे त्यांनी मुद्दाम दाखवलेलंच नसतं. पुतळ्यात मात्र त्या जागी काहीतरी असावंच लागतं. मग शिल्पकारापुढे दोन वाटा उरतात. एक म्हणजे सावली सरळ काळ्या रंगाने रंगवून टाकायची. समोरून हे झकास दिसतं, पण पुतळा फिरवला की सोंग उघडं पडतं. दुसरी वाट म्हणजे चेहरा आणि अंग धारदार सपाट पृष्ठांत तासायचं, म्हणजे उजेड वरून पडला की सावल्या आपोआप तयार होतात. ही वाट अवघड, पण माझ्या मते तीच खरी. मात्र त्यात अर्धं काम तुमच्याकडे येतं. कपाटात चारी बाजूंनी दिवे लावलेत तर सगळी मेहनत पाण्यात. वरून, थोडा एका बाजूने, एकच दिवा लावा.

शैली म्हणजे काय हे शिकायचं असेल तर डीसी या कॉमिक्स-कंपनीची 'बॅटमॅन ब्लॅक अँड व्हाइट' ही पुतळ्यांची मालिका पाहा. १९९६ च्या त्याच नावाच्या कॉमिकवरून ती निघाली. बॅटमॅन तोच, पण प्रत्येक पुतळा वेगळ्या चित्रकाराच्या शैलीतला आणि रंग फक्त काळा, पांढरा, करडा. मिन्योला, फ्रँक मिलर आणि ब्रूस टिम हे तीन शेजारी ठेवा. एकाच माणसाचा जबडा, खांदे आणि केप (पाठीवरचा झगा) किती बदलतात ते पाहून थक्क व्हाल. टिम यांची माणसं छातीला रुंद आणि पावलांना चिमुकली. कागदावर ती खुशाल उभी राहतात. पुतळ्याचा तोल मात्र सांभाळावा लागतो, आणि सगळा भार येतो तो बारीक घोट्यांवर. म्हणून असा पुतळा कंबरेला धरून कधी उचलू नका, बेसला धरूनच उचला.

प्रश्न: पॉलिस्टोन, कोल्ड-कास्ट पोर्सिलेन, पीव्हीसी... घ्यावं काय?

पहिली दोन सख्खी भावंडं आहेत. रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या द्रवात, दगडाची भुकटी मिसळली की पॉलिस्टोन, पोर्सिलेनची मिसळली की कोल्ड-कास्ट. दोन्ही जड, हाताला गार लागणारी, बारकावे उत्तम पकडणारी आणि पडली की तुटणारी. पीव्हीसी हलकं आणि स्वस्त. ते तुटण्याऐवजी वाकतं, आणि उकाड्यात आपल्याच वजनाने कलतं. सुरुवात पीव्हीसीने करायला काहीच हरकत नाही. कोटोबुकिया या जपानी कंपनीचे छोटे पुतळे त्या भावात चांगलं काम दाखवतात.

खऱ्या कापडाचे आणि नकली चामड्याचे कपडे घातलेले पुतळेही मिळतात. साइडशो या कंपनीच्या एक-चतुर्थांश मापाच्या मालिकेत असे बरेच आहेत. केपच्या काठात तार असते, ती हवी तशी वळवता येते. पण नकली चामडं काही वर्षांनी, विशेषतः दमट हवेत, पापुद्रे सुटून सोलवटतं आणि त्यावर इलाज नाही. शिवाय कॉमिकमधली केप ही मुळात शाईची रेषा. ती कोरलेलीच शोभते.

प्रश्न: जुना, आता मिळेनासा झालेला पुतळा कुणीतरी निम्म्या भावात देऊ करतंय. नकली असेल का?

निम्मा भाव ऐकूनच सावध व्हा. नकल करणारे अस्सल पुतळ्यावरून सिलिकॉनचा साचा काढतात आणि त्यात स्वस्त रेझिन ओततात. रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं, त्यामुळे नकल मूळ पुतळ्यापेक्षा जराशी लहान भरते. नकलेची नकल त्याहून लहान. कंपनीने जाहीर केलेली उंची शोधा आणि विक्रेत्याला मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढायला सांगा. बारकावे कुठे पुसट झालेत तेही पाहा. नखं, पट्ट्याचं बक्कल आणि केसांच्या बटांमधल्या खाचा आधी बुजतात. बेसच्या तळाचा फोटो हवाच. तिथली कॉपीराइटची ओळ, आवृत्तीचा क्रमांक आणि अक्षरांची ठेवण अस्सल पुतळ्याच्या फोटोशी ताडून बघा. शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा, म्हणजे दुसऱ्याचेच फोटो ढापलेत का ते कळेल. एवढं मागितल्यावर विक्रेता चिडला, तर उत्तर मिळालंच.

परवाना न घेता घडवलेले 'कस्टम' पुतळे हा निराळा प्रकार. ते कुणाची नकल नसतात आणि काही तर अप्रतिम असतात. पण पात्राच्या मालकाला त्यातून काही मिळत नाही, आणि पुतळा फुटका आला तर तुम्हालाही दाद मागायला जागा नसते. मी त्यांच्या वाटेला जात नाही.

प्रश्न: जाहिरातीतला चेहरा आणि हातात आलेला चेहरा यात जमीनअस्मानाचा फरक आहे!

जाहिरातीत बहुधा नमुना-पुतळा असतो, एका कसबी रंगकर्मीने सावकाश रंगवलेला. तुमच्याकडे आला तो कारखान्यातल्या शेकडोंपैकी एक. सगळ्यात आधी चुकते ती बुबुळं. आगाऊ नोंदणीची घाई नसेल, तर ग्राहकांच्या घरचे फोटो येईपर्यंत थांबा.

प्रश्न: माझ्या पुतळ्याचा क्रमांक १५०० पैकी ७ आहे. किंमत जास्त येईल का?

हौशी गिऱ्हाईक भेटलं तर थोडी. क्रमांक लहान म्हणून ओतकाम सरस असतं असं नाही. एकूण आवृत्ती किती छोटी आहे, याला जास्त महत्त्व.

प्रश्न: पीव्हीसीचा पुतळा चिकट झालाय. थिनरने पुसू का?

थिनर, अ‍ॅसिटोन, स्पिरिट यातलं काहीही लावू नका, रंगच निघून येईल. प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य पाझरून वर आलंय. बंद, उबदार जागेत हे हमखास होतं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका, मऊ ब्रशने हलकेच धुवा, सावलीत वाळवा आणि यापुढे त्याला वारा लागू द्या. कललेला पाय गरम पाण्यात मऊ करून सरळ करायचा आणि तसाच धरून गार पाण्यात बुडवायचा. हे फक्त पीव्हीसीला, पॉलिस्टोनला चुकूनही नाही.

प्रश्न: वुल्व्हरिनचं एक नख तुटलं. सुपरग्लू चालेल?

पुतळा नवा असेल तर डिंकाला हात लावण्याआधी कंपनीला फोटो पाठवा. काही कंपन्या सुटा भाग पाठवतात. जुना असेल तर दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद वापरा. तो हळू धरतो, त्यामुळे कोन जुळवायला वेळ मिळतो. सुपरग्लू क्षणात धरतो आणि गडद रंगावर पांढुरकी धूसर झाक सोडतो. तुटलेल्या कडा घासू नका, त्या खडबडीत असल्या तरच एकमेकींत नेमक्या बसतात. हात किंवा पाय तुटला असेल तर आत पितळेची बारीक सळई घालावी लागेल, आणि ते काम जाणकाराकडे द्या.

प्रश्न: खोके फार जागा अडवतात. टाकून देऊ?

पुतळा कधीच विकायचा नसेल आणि घरही बदलायचं नसेल, तर द्या. नाहीतर आतला थर्माकोल तरी ठेवा. त्या पुतळ्याच्या मापाचा थर्माकोल दुसरीकडे मिळत नाही.