ऑस्ट्रेलियात खेळाचे क्लब जुगाराच्या मशीनवर चालतात म्हणे. हे योग्य आहे का?

सगळे नाही, पण बरेच. बटण दाबून खेळायच्या या मशीनना तिथे ‘पोकी’ म्हणतात. न्यू साउथ वेल्सने १९५६ मध्ये सभासदांच्या क्लबांना ती कायदेशीर करून दिली. कारण सांगितलं जातं ते असं की नफा मालकाच्या खिशात न जाता मैदानं, मुलांचे संघ, स्वस्त जेवण यांत जातो. समाजकार्यावर खर्च केला की मशीनवरच्या करातही सवलत मिळते.

ऐकायला बरं वाटतं. पण पैसा येतो कुठून? मोठा वाटा व्यसन लागलेल्या लोकांकडून, आणि मशीन जास्त असतात त्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत. म्हणजे बापाचा पगार मशीनमध्ये आणि पोराला क्लबकडून फुकट जर्सी! याला मी तरी देणगी म्हणणार नाही.

‘मशीन काढल्या तर क्लब बुडतील’ हा युक्तिवाद मला पटत नाही. मेलबर्नचा नॉर्थ मेलबर्न हा काही श्रीमंत क्लब नव्हे, तरी २००८ मध्येच तो यातून बाहेर पडला. पुढे २०१८ मध्ये कॉलिंगवूडनेही मशीन विकल्या. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात तर पोकी फक्त पर्थच्या कॅसिनोत आहेत, तरी तिथल्या वेस्ट कोस्ट ईगल्स या क्लबचं काही अडलेलं नाही.

गल्लीतल्या छोट्या क्लबचं मात्र खरंच अवघड आहे. मशीन काढायला त्यांना सरकारने मुदत आणि पर्यायी निधी दोन्ही द्यावं. बड्या क्लबांना फक्त मुदत पुरे.