फेरीबोटीत शिकलेलं

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. रात्री जेवल्यावर दोन तास पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायचं ठरवलंस, अकरा दिवस नेटानं चाललं, मग गणपतीची चवथ आली. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची, नेवऱ्या, पाहुणे. त्यानंतर लॅपटॉप उघडलाच नाहीस, आणि वर लिहितेस, ‘माझ्यात जिद्दच नाही.’ जिद्दीचं राहू दे. वेर्ण्याहून कामावरून दमून आलेली पोर जेवल्यावर दोन तास ताजीतवानी बसेल, हा हिशेबच कच्चा होता.

मी पोर्तुगीज वाचायला कसा शिकलो ते तुला ठाऊक नसेल. माझी शाळा गोवा मुक्तीनंतरची, मराठी. घरातले जमिनीचे जुने कागद मात्र पोर्तुगीजमध्ये, आणि ते वाचून घ्यायला दरवेळी दुसऱ्याचं दार. तेव्हा मी चोडण बेटावरून पणजीला नोकरीला जायचो, रायबंदरच्या फेरीबोटीनं. बोटीनं धक्का सोडला की खिशातली चिठ्ठी काढायची; पाच शब्द. पलीकडचा धक्का लागला की चिठ्ठी आत, मग शब्द झालेले असोत वा नसोत. (आता तिथं जलद रो-रो बोटी आल्यात. माझे तीनच झाले असते.) संध्याकाळी परतताना चिठ्ठी न बघता तेच शब्द आठवायचे, अडलं तरच बघायचं. पुढं कधीतरी वाचलं, एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसानं 1885 सालीच स्वतःवर प्रयोग करून लिहून ठेवलं होतं, की पाठ केलेलं सगळ्यात भराभर विसरतं ते सुरुवातीच्या काही तासांत. म्हणजे माझी संध्याकाळची बोट वेळेवर होती.

त्या कागदांत पूर्वेला ‘नासेंत’ म्हणतात आणि पश्चिमेला ‘पोएंत’. उगवती आणि मावळती! आपले म्हातारे हद्द सांगताना हेच बोलतात. तो शब्द सापडला त्या दिवशी मी बोटीत एकटाच हसलो होतो.

मग माझी बदली फोंड्याला झाली आणि सगळं बंद पडलं. तीन महिने चिठ्ठीला हात नाही. मीही तेव्हा तुझ्यासारखाच स्वतःला बोल लावला. खरं तर बोट सुटली होती, शिकण्याची हौस नव्हे. चार वाजताच्या चहाला चिठ्ठी बांधली तेव्हा गाडी पुन्हा रुळावर आली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 96 जणांवर सवय कशी लागते याचा अभ्यास झाला आहे. रोज एकच साधी गोष्ट, जेवणाबरोबर फळ खाण्यासारखी, ठरल्या प्रसंगाला करायची. ती अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असं निघालं. पण कुणाला 18, तर कुणाचा अंदाज 254 पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तू अकराव्या दिवशीच स्वतःचा निकाल लावून मोकळी झालीस.

तेव्हा रात्रीचं आधी रद्द कर. बसमध्ये जागा मिळाली की आदल्या दिवशीच्या दहा ओळींचा कोड काय करतो, ते फोन न काढता मनातल्या मनात सांग. उभं राहावं लागलं तर तीन ओळी. घरी चहाचा कप हातात घेतलास की एकच छोटं उदाहरण सोडव, आणि कप रिकामा झाला की थांब, मन रमलं असलं तरी थांब. हे थांबणंच तुला सगळ्यात जड जाईल. लॅपटॉप घेऊन हवं तेवढं बसायला रविवार आहे. चवथीला नेवऱ्या तळताना एक ओळ आठवलीस तरी पुरे, नाही आठवलीस तरी दुसऱ्या दिवशीची बस आहेच.

हो, बाबांना सांग, आमच्या चोडणच्या कागदातली पोएंतकडची हद्द मला गेल्या आठवड्यात अखेर नीट लागली. तिथं तुझ्या पणजोबांचं नाव आहे. तो कोपऱ्यातला माड तुमचाच निघतो की काय, हे रविवारी येऊन बघू.

तुझा,
शेजारचा काका