अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी वेगळे मेसॉनिक लॉज का काढले? त्या खरंच गुप्त संघटना होत्या का?

मेसॉनिक लॉज म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघटनेची स्थानिक शाखा. कृष्णवर्णीयांनी ते वेगळे काढले, कारण गोऱ्यांच्या लॉजांनी त्यांना दारात उभं केलं नाही. गुप्त म्हणाल तर खुणा, विधी, झगमगीत पोशाख हे सगळं होतंच. पण मला विचाराल तर खरी गंमत तिथे नाही, सनदेत (म्हणजे लॉज काढायच्या लेखी परवान्यात) आणि वर्गणीच्या वहीत आहे.

बोस्टनचे कृष्णवर्णीय गृहस्थ प्रिन्स हॉल आणि त्यांचे 14 सोबती यांना दीक्षा दिली ती ब्रिटिश पलटणीतल्या एका आयरिश लॉजने. परंपरेने हे साल 1775 मानतात. म्हणजे ज्यांच्याशी अमेरिकनांचं युद्ध पेटायच्या बेतात होतं, त्यांनीच यांना बंधू म्हटलं! पुढे हॉलनी सनदेसाठी थेट लंडनच्या मुख्य लॉजकडे अर्ज केला. 1784 ची सनद हातात पडायला 1787 उजाडलं, पण ‘आफ्रिकन लॉज क्रमांक 459’ रीतसर उभा राहिला. ऑड फेलोज या दुसऱ्या बंधुसंघटनेचंही तेच: अमेरिकेतल्या गोऱ्यांनी नाकारलं, तेव्हा पीटर ऑग्डेन नावाच्या खलाशाने 1843 मध्ये इंग्लंडहून सनद आणली. गोरे ‘बनावट’ म्हणत राहिले, कागद मात्र यांचा पक्का होता.

आता वर्गणी. विमा कंपन्या कृष्णवर्णीयांना एकतर टाळायच्या, नाहीतर त्याच हप्त्यात कमी रक्कम द्यायच्या. आजारपण, मयतीचा खर्च, मागे राहिलेल्या बायकोला चार पैसे, हे मग लॉज बघायचे. रिचमंडच्या मॅगी लीना वॉकर या धोबीकाम करणाऱ्या बाईच्या लेकीने ‘ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक’ ही कृष्णवर्णीयांची अशीच, पण डबघाईला आलेली बंधुसंघटना सावरली आणि 1903 मध्ये बँक काढली. पहिल्या दिवशी एकाने खातं उघडलं ते 31 सेंटांवर. सगळ्यांचं असं निभावलं नाही. त्याच शहरातल्या ‘ट्रू रिफॉर्मर्स’ या तशाच संघटनेची बँक 1910 मध्ये बुडाली.

आमची नावं, आमचे बिल्ले वापरता म्हणून गोऱ्या संघटनांनी कोर्टातही खेचलं. 1912 मध्ये नाइट्स ऑफ पिथियस या बंधुसंघटनेचा खटला, 1929 मध्ये श्राइनर्स या मेसनांशी जोडलेल्या संघटनेचा. दोन्हींत सर्वोच्च न्यायालयात कृष्णवर्णीय जिंकले. समतेच्या तत्त्वावर नव्हे, तर ‘इतकी वर्षं माहीत असून गप्प का बसलात?’ या मुद्द्यावर.

लॉजांच्या स्वतःच्या इमारती होत्या, हेही महत्त्वाचं. मिसिसिपीत जॅक्सनला नागरी हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स यांचं एन.ए.ए.सी.पी. या कृष्णवर्णीयांच्या हक्कसंघटनेचं कार्यालय मेसॉनिक टेंपलमध्येच होतं. तिथे जागा खाली करा म्हणणारा गोरा घरमालक नव्हता. हॉल यांच्या परंपरेतले ‘प्रिन्स हॉल लॉज’ आजही चालू आहेत. कनेक्टिकटच्या गोऱ्या ग्रँड लॉजने, म्हणजे तिथल्या लॉजांच्या मुख्य संस्थेने, त्यांना 1989 मध्ये मान्यता दिली. दक्षिणेतल्या काही राज्यांनी त्यानंतरही बरीच वर्षं दिली नाही.