जेटीवरच्या पाट्या : किती, कुठल्या, कोणासाठी?

प्रश्न : आमच्याकडे मालवणच्या किनाऱ्यावर डॉल्फिन दाखवायला आणि संगमाकडे फिरवायला बोटी सुटतात. जेटीवर बोटवाल्यांनी मिळून बऱ्याच पाट्या लावल्यात, सगळ्या लाल अक्षरात. ‘थुंकू नये’, ‘विनाकारण उभे राहू नये’, ‘उगाच चौकशी करू नये’, ‘हुज्जत घातल्यास बोटीतून उतरवले जाईल’, ‘मालक जबाबदार नाही’ वगैरे. पुतण्या म्हणतो काका, लोक वाचूनच नाराज होतात, सगळ्या काढून टाका. मला वाटतं काढल्या तर शिस्त राहणार नाही. काय करावं?
– एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : काका, तुमचं आणि पुतण्याचं दोघांचंही अर्धं बरोबर आहे. प्रत्येक पाटीसमोर उभं राहून एकच विचारा, हा नियम मोडला तर कोणाच्या जिवावर बेतेल का? बेतणार असेल तर ती पाटी राहणार, उलट मोठी होणार. बाकीच्यांचं बघू.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं गेली. बोटीला परवानगी ८४ प्रवाशांची, आत शंभरच्या वर होते. तेव्हापासून पोरंबाळं घेऊन येणारा माणूस आधी लाईफ जॅकेट कुठंय ते बघतो. तुमच्या पत्रात इतक्या पाट्या आल्या पण लाईफ जॅकेटची एकही नाही, काका, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. बोटीत किती माणसं बसायची तो आकडा आणि ‘जॅकेट घातल्याशिवाय बोट सुटणार नाही’ हे तिकीट काढतो तिथेच पाहिजे, मराठीत, हिंदीत आणि कन्नडमध्येसुद्धा, कारण बेळगाव-हुबळीकडची मंडळी तुमच्याकडे भरपूर येतात. रंगांचाही जगभर ठरलेला अर्थ आहे : लाल गोल आणि त्यावर तिरकी रेघ म्हणजे मनाई, निळा गोल म्हणजे हे करायचंच, पिवळा त्रिकोण म्हणजे धोका. सगळंच लाल केलंत तर खरा धोका कुठला ते कळायचं कसं?

दुसरं म्हणजे पाटी जिथे ते काम घडतं तिथे लागते. ओहोटीला जेटीच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यावर शेवाळ असतं, कडेला कालवं चिकटलेली असतात, पाय घसरला की तळवा फाटतो. तिथे, उतरायच्या आधी, डोळ्यांसमोर लिहा : ‘पायऱ्या निसरड्या आहेत, तांडेलाचा हात धरून उतरा.’ ही वाचून कोणाला राग येणार नाही, उलट हे लोक आपली काळजी घेतायत असं वाटतं. ‘बोट हळू चालवा’ ही पाटी असेल तर तिचं तोंड पाण्याकडे पाहिजे, कारण ती तांडेलासाठी आहे, पर्यटकासाठी नाही. जोरात आलेल्या बोटीच्या लाटेने बांधलेल्या होड्या हिसके खातात आणि नेमकी त्याच वेळी एखादी आजी पाय टाकत असते.

‘जेटीजवळ पोहू नये’ लिहिणार असाल तर कारणही लिहा. बोटींचे पंखे हे एक. दुसरं कारण बऱ्याच जणांना माहीतच नसतं : कोचीच्या बोलगट्टी मरीनासारख्या ठिकाणी बोटींना धक्क्यावरूनच वीज देतात, तिथे वायर खराब असली तर करंट पाण्यात उतरतो आणि पोहणाऱ्याचे हातपाय आखडून तो बुडतो. गोड्या पाण्यात धोका जास्त, पण म्हणून खाडीत निर्धास्त राहू नका. तुमच्या जेटीवर दिव्यांची वायर खाली लोंबत असेल तर आधी वायरमनला बोलवा, पाटी नंतर.

आता राहिल्या भांडणाच्या पाट्या. ‘उगाच चौकशी करू नये’, ‘हुज्जत घातल्यास’ या कधीतरी कोणाशी तरी वाजलं त्या रागात लागतात. ज्याच्याशी वाजलं तो परत येत नाही, पण नंतर येणारा प्रत्येक जण ते वाचतो, आणि काही न करता आपल्याला दम दिल्यासारखं वाटतं. हुज्जत बहुतेक वेळा पैशावरून होते ना, मग दरफलक लावा : माणशी किती, फेरी किती वेळाची, डॉल्फिन नाही दिसले तर पैसे परत की नाही, पावसाळ्यात बोटी कधीपासून कधीपर्यंत बंद. हे स्वच्छ लिहिलंत की निम्मी चौकशी आपोआप थांबते. ‘विनाकारण उभे राहू नये’ तर आजच काढा, समुद्र बघायलाच लोक येतात, त्याला आणखी काय कारण पाहिजे!

‘मालक जबाबदार नाही’ हीसुद्धा काढा. नुसती पाटी लावून जबाबदारी टळत नाही, आणि बोटीत पाय ठेवायच्या आधीच ती वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्या जागी तटरक्षक दलाचा संकटकाळातला १५५४ हा नंबर लिहा, लांबून दिसेल एवढा मोठा, आणि त्याखाली जेटीवर दिवसभर हजर असणाऱ्या माणसाचा मोबाईल.