क्लबची 'प्रसिद्धी' नव्हे, पत

सांगलीहून प्रश्न आला आहे. फुटबॉल मॅनेजर या गेममध्ये छोटा क्लब घेऊन त्याचं 'रेप्युटेशन' वाढवायचं असतं. त्याबद्दल मराठीत लिहिताना 'प्रसिद्धी' म्हणावं की 'प्रतिष्ठा'?

दोन्ही नको. 'क्लबची प्रसिद्धी वाढवा' हे ऐकून तर कान किटले आहेत. प्रसिद्ध निविदा होते, निकाल होतो, मतदारयादी होते. प्रसिद्ध होणं म्हणजे चारचौघांना कळणं, त्यात भरवसा कुठेच नाही. 'प्रतिष्ठा' त्यापेक्षा बरा, पण त्यात 'स्था' धातू आहे: एका जागी घट्ट बसवणं, मूर्तीची करतात तसं. प्रतिष्ठा जपतात, पणाला लावतात. हंगामागून हंगाम कणाकणाने वर सरकणाऱ्या आकड्याला ती शोभत नाही. कीर्ती, ख्याती, लौकिक सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडून देतो.

शब्द हवा तो 'पत'. सांगलीच्या हळदीच्या पेठेत जो अर्थ आहे, नेमका तोच. ज्याची पत आहे त्याला माल आधी मिळतो आणि पैसे मागून द्यावे लागतात. ज्याची नाही त्याने रोकड पुढे केली तरी समोरचा दोनदा विचार करतो.

गेम आतून तसाच चालतो. प्रत्येक क्लबची पत 0 ते 10000 या मापात साठवलेली असते. पडद्यावर आपल्याला फक्त तारे आणि 'प्रादेशिक', 'राष्ट्रीय' अशी पायरी दिसते. खेळाडूची पत वेगळी, स्पर्धेची वेगळी, मॅनेजरची स्वतःची वेगळी. खेळाडूची पत क्लबच्या फार वर असेल तर तो बोलणी करायलाच बसत नाही, पगार कितीही वाढवा.

इंग्लंडमध्ये गेम सुरुवातीला जी सर्वांत खालची पायरी खेळायला देतो ती सहावी, नॅशनल लीग नॉर्थ आणि साउथ. तिथून प्रीमियर लीगपर्यंत पाच बढत्या. लागोपाठ बढत्या घेतल्या की नवे लोक चक्रावतात: आपण वरच्या लीगमध्ये आलो, तरी खेळाडू नकार का देतात, हंगामाआधीच्या भाकितात आपण तळाला का? कारण बढती एका मे महिन्यात मिळते, पत मागून चालत येते. तोवर तुमचा क्लब त्या लीगमधला सर्वांत कमी पतीचा. अशा वेळी नावाजलेले खेळाडू शोधण्यात वेळ घालवू नये. मोठ्या क्लबांनी सोडलेले तरुण, करार संपत आलेले, आणि ज्या देशांतल्या लीगची पत तुमच्या लीगहून कमी आहे तिथले खेळाडू पाहावेत.

आता मुळाकडे, कारण खरा आनंद तिथे आहे. 'पत' हा 'प्रत्यय'वरून आला असं ठोकून देणारे पुष्कळ आहेत. अर्थ सुरेख जुळतो. याज्ञवल्क्यस्मृतीत जामीन तीन प्रकारचे आहेत: माणसाला हजर करण्याचा, पैसे भरून देण्याचा आणि 'प्रत्यया'चा, म्हणजे हा माणूस विश्वासाचा आहे एवढीच ग्वाही देणारा. पण ध्वनी जुळत नाही. 'त्य'चा प्राकृतात 'च्च' होतो. सत्यचं सच्च, मग साच. नृत्यचं नच्च, मग नाच. प्रत्ययचंही पालीत पच्चय झालंच. त्या वाटेने मराठीत 'पत' येऊच शकत नाही, आणि ज्यांना हा साधा नियम अडवत नाही त्यांनी व्युत्पत्ती सांगू नये. दुसरे लोक 'पती'कडे, म्हणजे धनीपणाकडे बोट दाखवतात. त्यांनी बाजार पाहिलेलाच नाही. पत धन्याच्या तिजोरीत नसते, देणाऱ्याच्या मनात असते.

माझं मत असं: धातू 'प्रत्यय'चाच, प्रति अधिक इ, पण वाट क्रियापदाची. अर्धमागधीत 'पत्तियामि' म्हणजे मी विश्वास ठेवतो. जैन आगमांत 'सद्दहामि, पत्तियामि, रोएमि' असं ते एकापाठोपाठ येतं. इथे 'त्त' शाबूत आहे. हिंदीचं 'पतियाना' याच घरातलं, आणि जुन्या मराठीतलं 'पातेजणे' (विश्वास ठेवणे) हेही. कुणी विचारील, 'त्त'चा 'त' होताना आधीचा स्वर दीर्घ व्हायला हवा, मग 'पात' का नाही? आक्षेप रास्त आहे. पण हिंदीत 'साच'शेजारी आखूड 'सच' नांदतोच, आणि तो पंजाबीच्या बाजूने आला असं मानतात. 'पत'ही तसाच उत्तरेच्या व्यापाऱ्यांबरोबर, हुंडीच्या वाटेने आपल्या पेठांत उतरला असावा.

एवढं पटलं की दुसरा घोळही मिटतो: ऐपत आणि पत. ऐपत म्हणजे क्लबच्या खात्यातली शिल्लक आणि पगाराची मर्यादा. मोठ्या क्लबला हंगामापूर्वी आपल्या मैदानावर मैत्रीपूर्ण सामन्याला बोलावलं की तिकिटांचे पैसे येतात. त्याने ऐपत वाढते, पतीला फारसा फरक पडत नाही. पत वाढते ती लीगमधल्या क्रमांकाने, बढतीने, चषकातल्या मजलीने, आणि पुढे युरोपातल्या सामन्यांनी. ऐपतीच्या जोरावर पत विकत घ्यायला गेलं की काय होतं? एखाद्या उतरत्या वयाच्या नामवंताला तीन वर्षांचा करार दिला जातो, त्यातलं बढतीनंतर पगारवाढीचं कलम काढायचं राहून जातं. बढती मिळते, पगार फुगतो, आणि जागा भरायला पैसे उरत नाहीत. अशा खेळाडूला एकाच वर्षाचा करार द्यावा आणि बढतीचं कलम बोलणीत काढून टाकावं. तो तेवढ्यावर अडला तर सोडून द्यावा.

आणि 'लोनवर घेतलेला' खेळाडू म्हणजे आपला साधा उसना खेळाडू. संचालक मंडळाकडे मोठ्या संलग्न क्लबची मागणी करावी, मग उसने मिळणं सोपं जातं. करारात त्याला किती सामने खेळवणार ते ठरवावं लागतं. तिथे 'नियमित' लिहून त्याला बाकावर बसवला, तर मूळ क्लब तक्रार करतो आणि परत बोलावण्याचं कलम असेल तर हंगामाच्या मध्यात त्याला घेऊनही जातो. याला मराठीत 'पत गेली' म्हणतात, 'प्रसिद्धी कमी झाली' असं कुणीही म्हणत नाही.